खुडूक कोंबडी

चिउलाननं निखाऱ्यांवर ओंजळभर राख पसरली, भाजणीची बांबूची टोपली उचलली आणि खाली तळहात धरून पाहिला. आच अजून कडकच होती. "कुणी सांगितलं होतं एवढा कोळसा घालायला?" ती स्वतःवरच खेकसली आणि आणखी मूठभर राख टाकली. टोपलीत एका झाडाचा सबंध वर्षाचा चहा होता. जरा दुर्लक्ष झालं तरी त्याचा कोळसा झाला असता.

"काकू, पाहुणे आलेत," तेकहुआ दारातून म्हणाला. "लाऊ शेठ. स्वतः डोंगर चढून आलेत."

"पाय दिलेत देवानं. चढणारच."

"जरा नीट बोल गं त्यांच्याशी. हात जोडतो तुला."

तेकहुआ तिच्या वारलेल्या नवऱ्याचा पुतण्या. गावच्या चहा मंडळाचा तो अध्यक्ष झाल्यापासून त्याच्या अंगात सदरा इस्त्रीचा आणि तोंडात भाषा सभेची असायची. चिउलाननं हात पदराला पुसावेत तसे विजारीला पुसले आणि ती बाहेरच्या खोलीत आली.

चहाच्या तबकापाशी तेकहुआची बायको सोकहुन बसली होती. घरात माणसं कितीही असोत, तबकात पेले तीनच, हा आमच्याकडचा रिवाज. आणि दुसरा रिवाज त्याहून कडक. नवा पाहुणा आला की किटलीतली जुनी पानं टाकायची आणि नवी घालायची. न घातली तर तोंडावर सांगितल्यासारखं होतं, की बाबा, ऊठ आता. उद्धट माणसाला आमच्या डोंगरात 'बिनरंगी चहा' म्हणतात ते त्यावरूनच. किटलीत सकाळची पानं होती, पार उतरलेली. सोकहुननं डब्याकडे हात नेला.

"राहू दे," चिउलान म्हणाली. "आहे त्यातच पाणी घाल."

तेकहुआचा चेहरा पडला. लाऊ शेठनं पेल्यातल्या पांढुरक्या पाण्याकडे पाहिलं, दोन घोटांत ते संपवलं आणि पेला आवाज न करता खाली ठेवला. बंदरावरच्या शहरात त्यांचं मोठं दुकान होतं. माणूस मुरलेला, अपमान गिळून गोड हसणारा.

"आजी, तुमच्या झाडापाशी दगड बसवतोय आम्ही," ते म्हणाले. "कुंपण घालू, चिरेबंदी पायरी बांधू. लोक बघायला येतील. दगडावर नाव कोरायचं आणि तेच डब्यावर छापायचं."

"मग कोरा की. नाव आहे त्याला."

"नावाचंच बोलायचंय," तेकहुआ घाईघाईनं म्हणाला. "आम्ही एक छान नाव काढलंय. 'आजीची माया'. माझ्या आजीनं नव्या सुनेला प्रेमानं झाड दिलं, सुनेनं ते वाढवलं..."

"कुणी दिलं?"

"आजीनं."

"दिलं? अंगावर फेकलं मेलीनं!"

सोकहुन पेले विसळता विसळता थांबली.

चिउलानचं लग्न झालं तेव्हा गावाची सामायिक चहाची झाडं नुकतीच घराघरांत वाटली गेली होती. चार वर्षं झाली तरी तिची कूस उजवेना. नवरा भला होता, पण आईपुढे मिठाची गुळणी धरून बसायचा. नववर्षाच्या जेवणाला, सगळं गोत जमलेलं असताना, सासूनं डुकरांच्या गोठ्यामागच्या एका वठलेल्या खोडाकडे बोट दाखवलं. त्याला कित्येक वर्षांत पान फुटलं नव्हतं. "ते हिच्या वाटणीला," सासू म्हणाली. "खुडूक कोंबडीला खुडूक झाड. दोघी बसा एकमेकींना उबवत." सगळं गोत खदाखदा हसलं.

चिउलाननं ते खोड गुडघ्यापर्यंत छाटलं, मुळाशी शेंगदाण्याची पेंड पुरली, उन्हाळ्यात खालच्या झऱ्यावरून पाणी वाहिलं. कोंभ फुटले. मग पानं आली. पण चहा करणं हे बाप्यांचं काम. भाजणीच्या खोलीत बाईनं पाऊल टाकायचं नाही. ती खिडकीला डोळा लावून शिकली. पहिल्या वर्षीचा चहा करपला, दुसऱ्या वर्षीचा आंबला. दीर म्हणाला, "डुकरांना घाला." तिसऱ्या वर्षी तिनं पानं उन्हात किती सुकवायची, रात्रभर किती वेळा हलवायची, लिचीच्या लाकडाच्या कोळशावर किती धीरानं भाजायची, ते सगळं स्वतःच्या हातांनी, हात पोळून घेत ठरवलं. त्या वसंतात खालून व्यापारी आला. एक घोट घेऊन त्यानं डोळे मिटले.

"वा! नाव काय याचं?"

सासू तोंड उघडणार, तेवढ्यात चिउलानच म्हणाली, "खुडूक कोंबडी."

व्यापारी पोट धरून हसला आणि होता नव्हता तो सगळा माल घेऊन गेला. डोंगराला त्यात नवल वाटलं नाही. आमच्याकडे बदकाच्या शीचं नाव मिरवणारा चहा आहे. दृष्ट लागू नये म्हणून पोराला धोंडू म्हणावं, तसलाच प्रकार. पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं, की हे दृष्टीसाठी नव्हतं. सासूनं मारलेला दगड सुनेनं झेलला होता आणि अंगणात मांडून ठेवला होता. पुढे सासू जगली तोवर दर वसंतात घरी येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तिच्यासमोरच विचारायचं, "खुडूक आहे का?" आणि ती उठून आत जायची.

"आजीला जाऊन इतकी वर्षं झाली," तेकहुआ म्हणाला. "मेलेल्या माणसाशी कसलं वैर धरतेस?"

"वैर नाही रे. पण मेली म्हणून गोड झाली काय? झाड माझं, हात माझे पोळले, आणि माया तिची? दगडावर? मी मेल्यावर लोक त्या बाईला हात जोडणार!"

"आजी," लाऊ शेठ समजुतीनं म्हणाले, "माझं गिऱ्हाईक बहुतेक बायका आहेत. ज्या बाईला मूल नाही तिला हा शब्द शिवी वाटतो."

"शिवीच आहे ती. मला सांगता? मी खाल्लीय."

"तुझं ठीक आहे गं," तेकहुआ एकदम उसळला. "तू खाल्लीस, पचवलीस. घरात हीसुद्धा आहे." त्यानं बायकोकडे न बघता बोट केलं. "सात वर्षं झाली आमच्या लग्नाला. खुडणीच्या दिवसांत सबंध डोंगर ओरडत असतो, खुडूक आली का, खुडूक भरली का. हिला काय वाटत असेल, याचा विचार केलास कधी?"

चिउलाननं सोकहुनकडे पाहिलं. नव्हता केला. खरोखरच नव्हता केला. हीच पोर सात वसंत तिच्याबरोबर टोपल्या वाहत होती, त्याच झाडाखाली उभी राहून तेच नाव ऐकत होती. चिउलान सोकहुनसमोर बसली.

"टोचतं तुला?"

"काकू, जाऊ द्या ना."

"नाही. सांग. खरं सांग."

सोकहुननं हातातला पेला तबकात ठेवला. "टोचतं. पहिल्या वर्षी मी झऱ्यापाशी जाऊन रडले होते."

"बघ!" तेकहुआ म्हणाला.

"तुम्ही थांबा जरा." तिला नवऱ्याशी एवढ्या जोरात बोलताना आजवर कुणी ऐकलं नव्हतं. "झाडाचं नाव बदललंत म्हणून माझं बदलणार आहे का? परवाच मला म्हणाले, कोंबडी पोसतोय आम्ही, अंड्याचा पत्ता नाही."

"कोण म्हणालं?"

"तुमच्या आई."

लाऊ शेठ छताकडे बघू लागले.

"मला म्हणतात आणि नाक मुरडतात," सोकहुन म्हणाली. "झाडाला तेच म्हणतात आणि पुढे 'वा!' म्हणतात. या सबंध डोंगरात तेवढं एकच ठिकाण आहे, जिथे त्या शब्दाला कुणी 'वा' म्हणतं. तेही काढून घेणार का तुम्ही?"

सोकहुननं किटली उपडी केली, उतरलेली पानं टाकून दिली आणि कुणाला न विचारता डबा उघडला.

एवढ्यात तेकहुआचा फोन वाजला. खालच्या गावातला पाथरवट होता. खडकावर खडक आपटावा तसा त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "अध्यक्ष, दगड घासून तयार आहे. अक्षरं सांगा. 'आजीची माया'च ना? घालू का छिन्नी?"

"थांबा जरा," तेकहुआ म्हणाला आणि त्यानं काकूकडे पाहिलं. "काकू?"

चिउलाननं मान हलवली. "मला नको विचारूस. मी आणखी किती वर्षं ऐकणार आहे? जिला ऐकायचंय तिला विचार."

तेकहुआ फोन धरून तसाच उभा राहिला. सोकहुन उठली. तिनं त्याच्या हातून फोन घेतला, तेव्हा त्यानं बोटं सैल सोडली.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "खुडूक कोंबडी."

"काय? कोंबडी? अहो, मला तर माया सांगितलं होतं. कोण बोलतंय?"

सोकहुन क्षणभर अडखळली. "हा चहा करणारी."

"करणारी म्हणे!" चिउलान भडकली. "अजून आच कळत नाही हिला!"

"चहा तर चिउलान आजी करतात," पलीकडून आवाज आला. "त्या कुठायत? त्यांना द्या."

सोकहुननं फोन पुढे केला. चिउलाननं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"ती सांगते तेच कोर रे!" ती बसल्या जागेवरून ओरडली. "आणि अक्षरं चांगली मोठी काढ. तिच्या सासूला चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजेत."