डोंबिवलीचा जपानी चुरा

उर्वीकडून डबा कधी रिकामा येत नसे. धाकट्या जावेचा हा गुण कल्पिता मनापासून मानायची. तिचा नवरा नयन ऑफिसातून येताना ठाण्याला उतरून बाळकुमला सौमित्रकडे, धाकट्या भावाकडे, डोकावायचा आणि कल्पिताने पाठवलेल्या पावाच्या चुऱ्याचा डबा परत घेऊन यायचा. डब्यात काही ना काही असायचंच. काही केलेलं नसलं तर चिमूटभर साखर. रिकामं भांडं परत करायचं नाही, हे सासूबाईंनी दोघी सुनांना शिकवलं होतं आणि सासूबाई गेल्यावरही ते टिकलं होतं.

त्या शुक्रवारी डब्यात कोलंबीची दोन कटलेटं होती. कल्पिताने ओट्यापाशी उभ्याउभ्याच एक खाल्लं. गार झालं होतं, तरी दाताखाली कुरकुरलं. बोटाला तेल जवळजवळ लागलंच नाही. ती स्वतःशीच खूश झाली आणि डबा घासायला म्हणून उलटा केला.

डब्यावर लाल सूर्य होता. त्याच्याखाली जपानी अक्षरं, आणि त्यांच्याखाली इंग्रजीत छापलेलं, जपानहून आयात. चकचकीत कागदाच्या कडेखालून तिच्या स्वतःच्या चिठ्ठीचा गोंद दिसत होता. चिठ्ठी नखाने खरवडून काढली होती. एका कोपऱ्यात तिच्या अक्षरातला अर्धा 'क' तेवढा उरला होता.

कल्पिताची नोकरी औषधांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत झाली होती. तिथे बाटलीवर चिठ्ठी नसली, तर आत साधं पाणी आहे हे माहीत असूनही ती मोरीत ओतायची, असा नियम होता. नियम तिने केलेला नव्हता, पण तो तिच्या अंगात मुरला होता. घरात हळदीच्या बरणीवरही हळद लिहिलेलं असे आणि नयन पाहुण्यांना ते कौतुकाने दाखवत असे.

हा चुरा तिला फुकट मिळालेला नव्हता. उर्वीने घरून कटलेटांच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली, तेव्हा तिची कटलेटं तेल पीत होती. रवा लावला तर दात दुखत, टोस्टची पूड लावली तर तळायच्या आधीच रंग काळपट. कल्पिताने शांतपणे एकेक गोष्ट तपासली. पूड नकोच, मोठे, ओबडधोबड कण हवेत, म्हणजे त्यांच्या फटींतून वाफ बाहेर पडते आणि तेल निथळतं. कडा नकोत, कारण कडा आधीच भाजलेल्या असतात आणि कढईत बाकीच्यांच्या आधी करपतात. म्हणून तिने शिळा पांढरा पाव कडा काढून फ्रीजरमध्ये कडक केला, जाड किसणीवर किसला आणि ओव्हनचं दार जरा उघडं ठेवून अगदी मंद आचेवर वाळवला. वाळवायचा, भाजायचा नाही. पांढरा गेला पाहिजे आणि पांढराच आला पाहिजे. या खटाटोपात कितीतरी ताटं करपली, आणि काढलेल्या कडांचा फोडणीचा पाव नयनने इतक्या वेळा खाल्ला की शेवटी शेवटी तो कढीलिंबाच्या वासानेच उठून बाल्कनीत जायचा.

तिने उर्वीला फोन लावला.

"वहिनी, अहो तुम्ही ते बघितलंत का?" उर्वी हसली. "काढायचं राहिलं बघा. मनावर नका घेऊ. डोंबिवलीचा चुरा म्हटलं तर कोण दोन पैसे जास्त देणार? डोंबिवली म्हणजे पोळीभाजी केंद्र. जपान म्हटलं की लोक कसे आदराने खातात."

"माझी चिठ्ठी का काढलीस?"

"दोन चिठ्ठ्या कशा दिसतील? आणि घरातलंच तर आहे सगळं. तुमचं काय, माझं काय."

फोन ठेवल्यावर नयननेही तेच म्हटलं. "अगं, घरातलंच आहे. नाव कुणाचं लागलं म्हणून काय बिघडतं?"

"तुझ्या बढतीच्या पत्रावर सौमित्रभाऊजींचं नाव असतं तर?" कल्पिताने विचारलं. "घरातलेच आहेत ते."

नयनने वर्तमानपत्र उघडलं.

पुन्हा चुरा द्यायचा नाही, असं तिने ठरवलं. ते तीन दिवसही टिकलं नाही. बाळकुमच्या सखुबाईंच्या नातीचा साखरपुडा होता आणि पाचशे पानांची ऑर्डर उर्वीला मिळायची होती. सखुबाईंचं घराणं तिथलं जुनं. उर्वीची इमारत जिथे उभी होती, तिथे कधीकाळी त्यांचंच भातशेत होतं, आणि त्यांनी एकदा चांगलं म्हटलं की अख्खं गाव ऑर्डर देतं असं उर्वीचं म्हणणं. सखुबाई रविवारी चव बघायला येणार होत्या. उर्वी फोनवर रडवेली झाली. "डब्याला हात नाही लावणार, वहिनी. आईशप्पथ."

"मी स्वतः घेऊन येते," कल्पिता म्हणाली. नव्या डब्यावर तिने नेहमीसारखी चिठ्ठी लावली होती. आत काय आहे, कधी केलं, कोणी केलं.

उर्वीने शब्द पाळला. डब्याला तिने हात लावला नाही. कल्पिता चहा पीत बसली तोवर तिने आतला चुरा काचेच्या मोठ्या बरणीत ओतला, आणि सूर्य त्या बरणीवर होता. कल्पिताने ते पाहिलं तेव्हा दारात सखुबाई आल्या होत्या. पाहुण्यांसमोर वाद नको म्हणून ती ओठ घट्ट मिटून बसली. चहा तिने अर्धा तसाच टाकला.

सखुबाईंनी खुर्ची ओढून घेतली, उर्वीने तळून आणलेलं कटलेट मोडून आतली कोलंबी पाहिली, मग खाल्लं. "ह्या काय लावलाय गो वरतून? रवा तं नाय."

"जपानी आहे मावशी. थेट तिकडून मागवते."

"चांगला हाय. कुरकुर वाजतं." त्यांनी दुसरं उचललं आणि तोंडाशी नेता नेता थांबल्या. "यान दूध नाय ना? आमचे नातीला दूध चालत नाय. गेले साली बर्फी खाल्ली नं सगला तोंड सुजला, श्वास अटकला. हॉस्पिटलान न्यावा लागला. तिचाच साखरपुरा हाय."

"छे हो मावशी," उर्वी म्हणाली. "दूध कसं असेल? नुसता गहू असतो त्यात."

ती हे इतक्या सहज म्हणाली की कल्पिताला ते खोटंसुद्धा वाटलं नाही. उर्वीला खरोखरच माहीत नव्हतं. बेकरीवाला त्या पावात दुधाची पावडर घालतो हे कल्पिताने त्याला विचारून घेतलं होतं, आणि प्रत्येक चिठ्ठीवर ते लिहिलं होतं. नाव खरवडलं तेव्हा दूधही खरवडलं गेलं होतं. इतके दिवस ती स्वतःच्या नावासाठी चिडली होती. आता तिला जो राग आला त्यात तिचं नाव कुठेच नव्हतं.

"दूध आहे," ती म्हणाली.

उर्वीने चटकन वळून पाहिलं.

"तुला काय म्हाईत?" सखुबाईंनी विचारलं. "तू जपानला गेलतीस?"

"नाही. हा चुरा मी केलाय. डोंबिवलीला, माझ्या घरी. पावात दुधाची पावडर असते. तुमच्या नातीला यातला एक कणही देऊ नका."

सखुबाईंनी हातातलं कटलेट बशीत ठेवलं. बरणी जवळ ओढून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "मंग हा सूर्य कनचा?"

कल्पिताने उर्वीकडे पाहिलं. त्या प्रश्नाचं उत्तर तिने द्यायचं नव्हतं. उर्वी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मुलगी गेली असती गो माजी," सखुबाई हळूच म्हणाल्या. मग कल्पिताकडे वळल्या. "दुधाबिगर होल?"

कल्पिताने विचार केला. "बेकरीचा पाव नको. पाव मीच करीन, आणि भाजणार नाही, वाफवीन. मोदकपात्रात."

"मोदकासारका? मंग त्याला कराच येनार नाय."

"नाही, कडा येणारच नाहीत. आतबाहेर सारखा पांढरा राहील."

"डब्यावर लिवून दे. यान काय हाय, कोनी केला. मना वाचता येत नाय, नात वाचील." आणि उठता उठता उर्वीला म्हणाल्या, "ऑर्डर तुजीच. पन चुरा हिचा, नं ती बरनी मना परत दिसाला नको."

उर्वी कल्पिताला फाटकापर्यंत सोडायला आली. तिने हात करून रिक्षा थांबवली. मग म्हणाली, "त्यांच्यासमोर तोंडावर पाडलंत मला. नंतर सांगता आलं असतं, वहिनी."

"नंतर म्हणजे कधी? साखरपुड्यानंतर?"

"मला माहीत नव्हतं दूध असतं ते."

"डब्यावर लिहिलं होतं, उर्वी. खरवडायच्या आधी वाचायचं."

तो आठवडा मोदकपात्र गॅसवरून उतरलं नाही. मैदा, यीस्ट, मीठ आणि तेल एवढ्यावर पाव फुगला, खालपासून वरपर्यंत एकसारखा पांढरा आणि कुठेही कड नसलेला. नयनने तो उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे फोडणीचा पाव बंद?" त्याने विचारलं. आवाजात जरा हळहळ होती, ती कल्पिताने ऐकली नाही असं दाखवलं.

साखरपुडा नीट पार पडला. नातीने कटलेटं खाल्ली, मागून घेतली, असं सौमित्रभाऊजींनी नयनला सांगितलं. उर्वीचा फोन आला नाही. मग एका संध्याकाळी नयनने डबा आणून ओट्यावर ठेवला.

डबा रिकामा होता. आत साखरेचा कणही नव्हता. कल्पिताचं डोकं तडकलं. सासूबाईंच्या काळात या घरात भांडणं काय कमी झाली होती? पण रिकामं भांडं कधी कुणी कुणाच्या घरी पाठवलं नव्हतं. तिने झाकण बंद केलं आणि डबा फिरवला. चिठ्ठी जागेवर होती. तिच्यावर पारदर्शक टेप चिकटवली होती, घासताना अक्षरं जाऊ नयेत म्हणून, चारही कडा नीट जुळवून. टेप उर्वीचीच होती. सूर्यही तिने त्याच टेपने चिकटवले होते.

तिने फोन लावला. "डबा रिकामा आला."

"मुद्दाम पाठवला," उर्वी म्हणाली.

"बरं. चिठ्ठी वाचलीस?"

"पाठ आहे आता."

"मग म्हणून दाखव."

"वहिनी, शाळा आहे का ही?"

"म्हणून दाखव."

पलीकडे कढईचा आवाज बारीक झाला. "मैदा, यीस्ट, मीठ, तेल. दूध नाही."

"खाली? कोणी केलं?"

उर्वी थांबली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण मोठ्या जावेचं नाव तिने कधी तोंडाने घेतलेलं नव्हतं.

"करणारी, कल्पिता," ती म्हणाली.