कुंपणापलीकडचा मोन्सिन्योर

रुफीनाच्या परसात रंगीत पानांचं जे मायानाचं झाड होतं, तसं अख्ख्या गावात कुणाकडे नव्हतं. आणि ते कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून ती वर्षभर जिवाचं रान करत होती.

तसं मायानाचं कौतुक कुणाला? बनाहाव डोंगराच्या उतारावर ते चरीकाठीसुद्धा माजतं. पोराला खोकला झाला की पानांचा रस पाजायचा, पाय मुरगळला की पानं ठेचून बांधायची, संपलं. रुफीनाला मात्र त्याच्या रंगांचं वेड. दर वर्षी ती बी पेरायची आणि रोपं बोटभर झाली की चष्मा चढवून एकेक पान निरखायची. बहुतेक सगळी उपटून उकिरड्यावर जायची. मागच्या साली मात्र एक रोप असं निघालं, की ती रोपांच्या पत्र्याच्या तबकासमोर उकिडवी बसली ती उठेचना. पान गर्द जांभळं, जवळजवळ काळं, आणि कडेला जरीसारखी बारीक सोनेरी रेघ. थेट मोठ्या पाद्रीबाबांचा झगाच. म्हणून त्या बाबांना म्हणतात तसं तिनं त्याचं नाव ठेवलं मोन्सिन्योर.

मग शेंडे खुडून ते पाण्याच्या पेल्यात ठेवणं आलं. आठवड्याभरात पांढरी मुळं फुटली की दुधाच्या रिकाम्या डब्यात लावायचे. दुपारच्या उन्हात रंग विटतो, म्हणून सगळे डबे घरामागं लान्सोनेसच्या झाडाखाली. मे महिन्यात सान इसिद्रो या संताचा सण आला, की गावातलं प्रत्येक घर दर्शनी बाजूनं सजतं. त्या दिवशी पहाटे सगळे मोन्सिन्योर एकदम दारात मांडायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची तोंडं बघायची, हा तिचा बेत.

आणि मार्चमधल्या एका सकाळी, कपडे वाळत घालताना, तिला शेजारच्या चारिंगच्या खिडकीत मोन्सिन्योर दिसला.

बिस्किटांच्या जुन्या डब्यात, चांगला वीतभर वाढलेला. जांभळा. सोनेरी कडेचा.

रुफीनाच्या हातातली ओली चादर तशीच मातीत पडली.

ती तडक नवऱ्यापुढं जाऊन उभी राहिली. दोरो तीन चाकी रिक्षाचं चाक काढून बसला होता.

"मी लेकीच्या बाळंतपणाला बतांगासला गेले होते, तेव्हा परसात कोण आलं होतं?"

"तू गेलीस नोव्हेंबरात. आता मार्च चाललाय."

"कोण आलं होतं?"

"कुणी नाही."

"फांदी दिलीस कुणाला?"

"नाही." दोरोनं जरा विचार केला. "म्हणजे दिली असली तर आठवत नाही."

"चारिंगनं मागितली होती?"

"चारिंग मीठ मागते, विळा मागते. झाड कशाला मागेल? तिच्या दारात काय कमी झाडं आहेत?"

"म्हणजे मागितली नाही. न मागताच नेली," रुफीना म्हणाली.

दोरो पुन्हा चाकाकडे वळला. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं तो शिकला होता.

त्या दिवसापासून चारिंग रुफीनाच्या डोळ्यांत कुसळासारखी सलायला लागली. ती रुफीनाहून पंधरा वर्षांनी लहान. नवरा जहाजावर, घरात ती आणि तिची दमेकरी आई. वयाचा मान ठेवून ती रुफीनाला 'आते' म्हणायची, म्हणजे थोरली बहीण. इतकी वर्षं ती हाक रुफीनाला गोड लागायची. आता वाटायला लागलं, ही एवढी लाडात येते ती कशाला?

एकदा चारिंगनं केळं आणि साबुदाणा घातलेली नारळाच्या दुधाची खीर वाडगाभरून आणून दिली. "आते, गरम आहे तोवर खा." रुफीना हसली, वाडगा घेतला आणि चारिंगची पाठ वळताच सगळी खीर कोंबड्यांपुढं ओतली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, ती स्वतःशी म्हणाली. काल खिडकीतला डबा दिसत होता, आज दिसत नाही. ऊन लागतं म्हणून आत घेतला असेल? छे, लपवला! संध्याकाळी चारिंग कुंपणापाशी वाकून काहीतरी करत होती. रुफीना दिसताच ताठ झाली आणि म्हणाली, "पाणी तुंबलंय हो चरीत." कुणी विचारलं होतं का तिला?

रुफीनानं मागच्या फाटकाला कुलूप लावलं. दोरी बांधून तिला रिकामे डबे टांगले. त्यात एकदा दोरोच अडकला आणि कोंबडा बांग देतो तसा ओरडला.

तरी एवढ्यावर भागलं असतं. पण देवळात फुलं लावणारी सोलेदाद भेटली, आणि रुफीनाच्या पोटात राहीना.

"मी नाव घेत नाही कुणाचं," ती म्हणाली. "पण परसात राखलेली वस्तू शेजारच्या खिडकीत कशी जाते, ते तूच सांग."

"अगंबाई! चारिंग?"

"मी कुठं नाव घेतलं?"

नाव न घेता ते गावभर झालं. देवळात मेरीमातेच्या वेदीपुढं फुलं वाहायला दर मे महिन्यात बायकांची पाळी लागते. त्या यादीत यंदा चारिंगचं नाव नव्हतं. कुणी तिला कारण सांगितलं नाही. वाटेत भेटली तर बायका पिशव्या सावरून घ्यायच्या. रुफीनाला हे दिसत होतं. तिला वाईट वाटलं नाही असं नाही, पण त्या वाईटावर तिनं लगेच झाकण घातलं. केलं तसं भरतेय, म्हणाली.

सणाच्या आठवडाभर आधी आळीतल्या बायका चारिंगच्याच अंगणात जमल्या, कारण वाफवायचं मोठं पातेलं तिच्याकडे. सणाला घरांवर तांदळाच्या पिठाचे रंगीत पापड टांगतात. झाडाच्या खऱ्या पानावर पीठ लिंपून वाफवायचं, म्हणजे पापडावर पानाच्या शिरा उमटतात. रुफीनाही गेली. हात पिठात होते, नजर घरात. आणि ओसरीच्या कोपऱ्यात, बिस्किटांच्या त्याच डब्यात, तिला तो दिसला.

सोलेदादनं कोपरानं ढोसलं. "तेच का ते?"

झालं. रुफीना उठली, तशाच पिठाळ हातांनी डबा उचलून अंगणाच्या मध्यावर आली.

"चारिंग, हे झाड कुठून आणलंस?"

चारिंग चुलीपाशी होती. तिनं उलथनं खाली ठेवलं. "असं का विचारता, आते?"

"विचारतेय. सांग."

"चरीकाठी उगवलं आपोआप. छान दिसलं म्हणून डब्यात लावलं."

कुणीतरी खुसकन हसलं.

"आपोआप!" रुफीना म्हणाली. "अगं, मायाना मी तू शेंबडी पोर होतीस तेव्हापासून लावतेय. खुडलेला शेंडा लावला की खाली तो सपाट कापलेला बुंधा राहतो आणि मुळं त्याच्याभोवती झुपकेदार फुटतात. ती खूण कधी पुसत नाही. बघायचंय सगळ्यांना?"

"आते, नका. मुळं तुटतील."

रुफीनानं डबा उपडा केला. बुडावर दोन थापा मारल्या. झाड मातीसकट तिच्या हातात आलं. तिनं माती झाडली आणि बुंधा वर धरला.

कापल्याची खूण कुठंच नव्हती. देठ निमुळता होत होत सरळ एका लांब मुळात उतरला होता आणि त्याला बारीक मुळं फुटली होती. ते बीपासून उगवलेलंच रोप होतं. आंधळ्यालाही कळलं असतं आणि रुफीना आंधळी नव्हती.

 चुलीवरच्या पातेल्यातलं पाणी आटून करपल्याचा वास सुटला.

तिनं पानाकडे बघितलं. दोन महिने कुंपणावरून बघत होती, हातात घेऊन आज पहिल्यांदा. पानाच्या मधोमध हिरवट ठिपका होता. तिच्या मोन्सिन्योरला तो नव्हताच. कडेचे दातेही जास्त खोल. हा त्याचा भाऊबंद होता, तो नव्हे.

"चरीकाठी अजून आहेत," चारिंग म्हणाली. आवाज चढला नव्हता. "एक नुसतं हिरवं. एक लाल टिपक्यांचं. जाऊन बघा."

रुफीना गेली. चरी तिच्याच परसातून निघून कुंपणाखालून इकडे येत होती. काठाला ओळीनं इवली इवली मायाना, एकासारखं एक नाही. दारात रिक्षा लावून आलेला दोरो कुंपणापलीकडून बघत होता.

"मला वाटलंच," तो म्हणाला. "तू नव्हतीस तेव्हा झाडांना तुरे आले होते. निळी फुलं, चांगली दिसत होती म्हणून मी ठेवली. तू आलीस, आल्याआल्या मला शिव्या दिल्यास, आणि बी धरलेले वाळके तुरे कापून चरीत भिरकावलेस."

"हे आत्ता सांगतोस?"

"तू फांदीचं विचारलंस. तुऱ्याचं कुठं विचारलंस?"

रुफीना परत अंगणात आली, तेव्हा बायका आपापली पातेली गोळा करून निघाल्या होत्या. सोलेदाद सगळ्यांत आधी गेली. चारिंग जमिनीवर बसून झाडाभोवती ओलं फडकं गुंडाळत होती. मुळं खरंच तुटली होती, पानं माना टाकायला लागली होती.

"शेंडा दे मला," रुफीना म्हणाली. "मी पाण्यात ठेवते. आठ दिवसांत मुळं आणून देते."

"नको."

"माझा हात चांगला आहे, चारिंग."

"असेल. पण तुमच्या हातात नाही द्यायचं मला." ती उठली. "यादीतून माझं नाव का गेलं ते आज कळलं. माझी आई तीन आठवडे विचारतेय, तुझं काय चुकलं म्हणून. मी काय सांगत होते माहितेय? काही नाही, विसरले असतील."

रुफीनानं मान खाली घालून फाटकाची वाट धरली. ती घरी आली आणि पिठाचे हात धुवायचंही विसरली.

दुसऱ्या दिवशी ती घरोघर फिरली. जिथं जिथं बोलली होती तिथं, आणि जिथं नव्हती बोलली तिथंही. "मी खोटं बोलले. चारिंगनं काही नेलं नाही," एवढंच म्हणायची आणि पुढं जायची. काही जणींनी खुर्ची दिली, काहींनी दारातूनच ऐकलं. सोलेदाद म्हणाली, "मला आधीपासून खात्री होती." रुफीनानं ते गिळलं.

सणाला तिनं मोन्सिन्योर दारात मांडले नाहीत. भाताच्या लोंब्या आणि पापड टांगले, बस्स. 

यादीत नाव परत आलं तशी चारिंगनं वेदीपुढं फुलं वाहिली, पण रुफीनाशी बोलणं सोडलं. आता तिच्याही फाटकाला कुलूप आलं. रस्त्यात भेटली की मान हलवायची, तेवढंच. आते म्हणणं बंद. रुफीनाला ती हाक ऐकू न येणं इतकं लागेल असं वाटलं नव्हतं.

जुलै उलटत आला होता. रुफीना विहिरीपाशी मासे साफ करत होती, तेव्हा कुंपणापलीकडून आवाज आला.

"पानांच्या बेचक्यात पांढरं कापसासारखं काहीतरी धरलंय."

चारिंग डबा छातीशी धरून उभी होती. तिनं स्वतः लावलेला शेंडा जगला होता, बाजूनं फुटवेही आले होते.

"पिठ्या ढेकूण आहे तो," रुफीना म्हणाली. "साबणाच्या पाण्यात चिंधी बुडवून पुसून काढ. पाठीमागूनही. इकडे दे, मी..."

चारिंगनं डबा आणखी घट्ट धरला.  मग कनवटीची किल्ली काढून फाटकाकडे गेली.

"आत येऊन दाखवा," ती म्हणाली. "पण हात मागं ठेवायचे."

रुफीना मासे तसेच टाकून उठली. हात लुगड्यासारख्या गुंडाळलेल्या कापडाला पुसले, पाठीमागं बांधले, आणि शाळेतल्या पोरीसारखी त्या उघड्या फाटकातून आत शिरली. चारिंग पान उलटं धरायची आणि ही हनुवटीनं दाखवायची. "इथं. अजून खाली. तो बघ, तो बघ, देठापाशी!"