गिळलेला शब्द

रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक लाकडी खोकं होतं. ऑपेराचा प्रयोग सुरू झाला की ती त्यात कमरेपर्यंत उतरून बसे आणि गायकाने तोंड उघडण्याच्या अर्धा श्वास आधी ओळीचा पहिला शब्द पुटपुटे. प्रॉम्प्टरचं कामच ते. शब्द प्रत्येक ओळीचा द्यायचा, प्रत्येकाला. त्यामुळे कुणाला आठवतं आणि कोण तिच्या जिवावर गातं, हे देवालाही कळत नसे.

व्यवस्थापकांना नेमकं तेच जाणून घ्यायचं होतं.

"राजे विसरायला लागलेत, अशी कुजबुज आहे," ते म्हणाले. "तुम्ही त्यांच्या पायाशी बसता, बाई. शुक्रवारी प्रयोग संपला की सांगा, पुढच्या वर्षीचा करार करू की नको?"

राजे म्हणजे तिथले मुख्य टेनर, उंच पट्टीत गाणारे नायक, छप्पन्न वर्षांचे. उंच स्वर आला की बाकीचे खांबासारखे ताठ होत; राजे त्याच स्वरावर नायिकेची शाल सावरत, जणू गाणं हातून चुकून सांडलंय. बारा वर्षं ती त्यांना घोट्यापासून वर पाहत आली होती आणि दर वेळी जीव ओवाळून टाकावासा वाटे.

आता मात्र मनात पाल चुकचुकली. हल्ली ते सारखे खोक्याजवळ का येतात? समीक्षक त्याला प्रेक्षकांशी जवळीक म्हणत. की ही जवळीक तिच्या ओठांशी?

घरी ती लेकीला भरवत होती. घासागणिक लेकीच्या आधी हिचंच तोंड उघडत होतं.

"एकदा शब्द देऊच नकोस," नवरा म्हणाला. "सोक्षमोक्ष लाव."

"आणि अडले तर?"

"तर कळलंच की!"

"तुला काय जातंय बोलायला!"

तरी बुधवारच्या तालमीत, निरोपाच्या प्रवेशात, तिने शब्द गिळला. वाद्यवृंद राजेंसाठी थांबलेला. त्यांनी गुडघ्यावर बसून नायिकेचा पडलेला हातमोजा उचलला, गालाला लावला. एक, दोन, तीन, चार. नजर खोक्याकडे वळली. तीत भीती होती? आणि मग ओळ आली, अगदी बरोबर.

"वा!" दिग्दर्शक ओरडला. "ही शांतता प्रयोगातही हवी. चार ठोके!"

"माझा हातमोजा धुवायला कोण नेणार?" नायिका पुटपुटली.

खोक्यातून ती बाहेर येताच राजेंनी तिला गाठलं. "काय गं पोरी, डोळा लागला होता? लेक जागवते वाटतं?"

"चुकलं, राजे."

ते हसले. हसू खरं की तिसऱ्या अंकातलं, तिला काही उमगेना.

शुक्रवारी हातमोजा गालाला लागला. एक, दोन, तीन, चार. पाच. वाद्यवृंद-संचालकाची काठी हवेत लटकलेली. राजेंच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. सहा. शब्द न देता ती आणखी एक ठोका थांबली असती, तर कायमचा निकाल लागला असता.

तिने शब्द दिला. त्याच क्षणी राजे गाऊ लागले. शब्द ऐकून की आपणहून, कोण सांगणार! सभागृह उभं राहिलं.

जिन्याशी व्यवस्थापक वाटच पाहत होते. "बोला, बाई."

"करार करा."

"म्हणजे त्यांना आठवतं?"

"सहा ठोके थांबले आज. एवढ्या सभागृहात कुणी खोकलं तरी का?"

"मी ते विचारलं नव्हतं," ते म्हणाले, आणि डोळे बारीक करून तिच्याकडेच पाहू लागले.