कोनाड्यातली काळी विभूती

महाराज, त्या पोरीला तुम्ही बेशुद्ध पाडलंत. तुमचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की तुमचे भक्त भांडायला येतात आणि मूळ गोष्ट बाजूला राहते. गोष्ट जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनची आहे.

गुरुवारी संध्याकाळी चारुलताबाईंच्या दाराबाहेर चपलाबुटांचा ढीग पडायचा. घर ओळीतलं, शेजाऱ्याशी भिंतीला भिंत. त्या सामाईक भिंतीत जुन्या शेकोटीचा कोनाडा होता. घर घेतलं तेव्हा कोनाड्याला संगमरवर लावून बाईंनी त्यात देवी बसवली होती. या हिवाळ्यात देवीच्या मुखावर आपोआप काळी विभूती उतरायला लागली. समोर बसलं की डोकं हलकं व्हायचं, कुणी डुलायचं, कुणी रडायचं. इथल्या रसायनांच्या कारखान्यात दिवसभर वायू मोजणारे डॉक्टरेटवाले इथे ती काळी पूड कपाळाला लावून घ्यायचे. टीव्हीच्या पडद्यावर भारतातून महाराज बोलायचे, "बाळांनो, विज्ञानाची रेंज संपते तिथे आमचं नेटवर्क सुरू होतं. खिडकी उघडाल तर शक्ती निघून जाईल." लोक कौतुकाने हसायचे आणि खिडक्यांच्या फटींना टेप लावायचे.

बाईंची सून नीलांबरी हसत नव्हती. तिची आठ वर्षांची सिया शाळेत ठणठणीत असायची आणि घरी आली की संध्याकाळी डोकं धरून बसायची, ओकायची, हाक मारली तरी नीट बघायची नाही. महाराजांनी निदान केलं, पोरीवर देवीची छाया आहे, तिला कोनाड्यासमोरच झोपवा. नीलांबरी नवऱ्याशी भांडली. प्रद्युम्न म्हणाला, हिवाळ्यात सगळ्यांचंच डोकं दुखतं, तुझंही दुखतंय, आईला कशाला दुखवायचं? हा माणूस इंजिनिअर. औषधांनी गुण येईना तेव्हा एकदा नीलांबरीनेही ती पूड सियाच्या कपाळाला लावली. बुडणाऱ्याला काडीचा आधार, दुसरं काय.

एका गुरुवारी स्वतःचंच डोकं फुटायला आलं म्हणून ती कामावरून परस्पर डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी नाडी पाहिली आणि विचारलं, घरात सगळ्यांनाच होतं? बाहेर पडलं की बरं वाटतं? "तर मग मला सांगा, तुमच्या घरात किंवा भिंतीपलीकडे काय जळतं?"

नीलांबरीला शेजारची नवी शेकोटी आठवली.

शेजारीण फ्राऊ ब्रेमने हिवाळ्याआधी जुनी शेकोटी फोडून लाकडाची नवी बसवली होती, चिमणीचंही काम केलं होतं. काम चालू असताना तिने कुंपणापाशी येऊन विचारलं होतं, तुमच्या बाजूला चिमणीचं जुनं तोंड उघडं आहे का? चिमणी तपासणाऱ्याला आत येऊन बघू द्याल? चारुलताबाईंनी महाराजांना विचारलं. महाराज म्हणाले, ते लोक बूट काढत नाहीत, बुटांनी देवीसमोर कुणी यायचं नाही. आणि प्रद्युम्नने शेजारणीला सांगून टाकलं की आमच्याकडे तसलं काही नाही. तिने विश्वास ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी अग्निशमन दलाला फोन लावला. नीलांबरी तोवर रस्त्यावर धावत होती.

घरात आरती चालली होती. कोनाड्यासमोर सतरंजीवर सिया पडली होती, डोळे अर्धवट उघडे. "आली, देवी आली," असं म्हणत बायका तिच्या पायांना हात लावत होत्या. नीलांबरी टेप ओरबाडू लागली तसा प्रद्युम्नने तिचा हात धरला.

"नीलू, लोकांसमोर तमाशा नको."

"हात सोड. ती मरतेय, प्रद्युम्न."

"नीलांबरी, आरती संपू दे गं," चारुलताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जड झाला होता, त्याही भिंतीला टेकूनच उभ्या होत्या.

तिने दोघांनाही ढकललं, पोरीला उचललं आणि अनवाणी अंगणातल्या बर्फात नेलं. मागून दलाचे लोक आले, सगळ्यांना बाहेर काढलं. त्यांचं विषारी वायू मोजणारं यंत्र दारातच बोंबलायला लागलं आणि कोनाड्याजवळ तर थांबेचना. पडद्यावर महाराजांना गोंगाट ऐकू गेला. ते म्हणाले, "ऐका, हा देवीचा घंटानाद." मग आपले भक्त अंगणात ओकताना दिसले असावेत, कारण लगेच त्यांचं नेटवर्क गेलं.

चमत्कार एवढाच होता. चिमणीत दोन्ही घरांच्या धुराचे मार्ग शेजारीशेजारी होते. काम करताना मधली विटांची भिंत ढासळली. पलीकडे शेकोटी पेटली की धूर या बाजूला यायचा आणि देवीमागून घरात शिरायचा. विभूती म्हणजे काजळी. समाधी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, ज्याला ना रंग, ना वास. धुराचा जो काही वास यायचा तो धुपाने झाकला. रोज दोनदा खिडक्या उघडायची इथली साधी रीत पाळली असती तरी विष इतकं साठलं नसतं.

बाबांनो, डोकं गरगरलं तर हात जोडू नका. आधी बाहेर पडा, मग विचारा की काय जळतंय.

सियाला इस्पितळात प्राणवायू लावलाय. ती जगेल म्हणतात. पण परवा तिला स्वतःचं आडनाव आठवेना, आणि ते परत कधी आठवेल हे डॉक्टर सांगत नाहीत.

तिच्या उशाशी बसलेल्या चारुलताबाईंच्या फोनवर महाराजांचा फोन आला. देवीने परीक्षा घेतली आणि लेकराला वाचवलं, असं ते सांगायला लागले. बाईंनी फोन सुनेच्या हातात दिला.

"महाराज, मी सियाची आई," नीलांबरी म्हणाली. "तुमच्या सांगण्यावरून आज आणखी किती घरांच्या खिडक्या बंद आहेत? फोन ठेवू नका. पत्ते सांगा."