लखनऊची एक जागा

प्रणिता आणि चेतना एमबीबीएसच्या पहिल्या वर्षापासून लखनऊला एकत्र होत्या. बॅचमध्ये मराठी अशा दोघीच. प्रणिताचे वडील रेल्वेत इंजिनियर होते, चेतनाचे वडील, नरहरकाका, एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. एमडी मेडिसिन दोघींनी बरोबरच केलं. पुढे पोटाच्या आणि लिव्हरच्या आजारांत डीएम करायचं, गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्ट व्हायचं, हेही बरोबरच ठरवलं.

सुपरस्पेशालिटीच्या परीक्षेत प्रणिताची रँक आली एकशे अठरा, चेतनाची एकशे एकोणीस. त्या फेरीत लखनऊला गॅस्ट्रोची एकच जागा उरली होती.

दुसऱ्या दिवशी चेतनाने तिला तेलीबागेतल्या घरी बोलावलं. चेतनाची आई जाऊन तीन वर्षं झाली होती. नरहरकाकांना पार्किन्सन्स होता. शर्टाची बटणं लावायला त्यांना अर्धा तास लागायचा, आणि कुणी मदतीला गेलं की ते रागवायचे. त्यांना चहा देऊन चेतना बाहेरच्या खोलीत आली.

"एक मागते तुझ्याकडे," ती म्हणाली. "नाही म्हणालीस तरी चालेल."

"बोल ना."

"लखनऊची जागा तू पसंतीच्या यादीत खाली टाकशील? तुझे आईबाबा आता जळगावला गेलेत. तुला इंदूरही मिळेल, पुणंही मिळेल. मला बाबांना सोडून कुठे जाता येणार नाही गं."

प्रणिताने क्षणभरही विचार केला नाही. "टाकते. इंदूर पहिलं, पुणं दुसरं. तू निर्धास्त राहा."

चेतना हसली आणि आत जाऊन काकांना सांगून आली. काका काठी टेकत बाहेर आले आणि प्रणिताच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात थरथरत होता.

यादी लॉक करायची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती. शुक्रवारी दुपारी कँटीनमध्ये प्रणिताला यशोधन सर भेटले. तिला चार वर्षं सीनियर, आता एका खाजगी हॉस्पिटलात कन्सल्टंट. तिचा बेत ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"इंदूर? यार, तिथला विभाग नवा आहे. फॅकल्टी दोनच. ईआरसीपीसारखी अवघड प्रोसिजर तीन वर्षं लांबूनच बघशील. इथे आख्खा पूर्वांचल येतो, बिहार येतो. पहिल्या वर्षातच स्कोप हातात मिळेल. पुढची वीस वर्षं ज्याचा हात एंडोस्कोपीत तयार आहे त्याचीच. फॅटी लिव्हर घराघरांत आहे, डॉक्टर कुठे आहेत? आणि प्रोग्राम कुठला केलास हे तुला आयुष्यभर विचारतील."

"सर, मी एकीला शब्द दिलाय."

"मैत्री वेगळी, करिअर वेगळं. रँक तुझी आहे."

हॉस्टेलच्या खोलीत ती लॅपटॉप उघडून बसली. चारला तिने लखनऊ तिसऱ्या क्रमांकावरून दुसऱ्यावर आणलं. साडेचारला पहिल्यावर. फोन शेजारीच होता. चेतनाला सांगायला हवं, हे तिला कळत होतं. तिने दोनदा नंबर काढलाही, पण बोलायचं काय? पाचला दहा कमी असताना तिने यादी लॉक केली आणि फोन सायलेंट करून पालथा ठेवला.

जागा तिला मिळाली. चेतनाला कोइंबतूर लागलं. चेतना गेली नाही. महिन्याभरानंतर एकदा वॉर्डाबाहेर दोघी समोरासमोर आल्या. "ऐन वेळी सिस्टीममध्ये काहीतरी घोळ झाला गं," प्रणिता म्हणाली. चेतनाने "अच्छा" एवढंच म्हटलं.

त्यानंतर चेतनाने चौक या जुन्या लखनऊतल्या वस्तीत एका दवाखान्यात फिजिशियन म्हणून बसायला सुरुवात केली. पुन्हा परीक्षा देईन म्हणत होती, पण काकांचं पडणं, फ्रॅक्चर, न्यूमोनिया यांतच चार वर्षं गेली, आणि मग काकाही गेले. प्रणिता अंत्ययात्रेला गेली होती. मागे उभी राहून परत आली.

पुढच्या दहा-बारा वर्षांत प्रणिताचं सगळं यशोधन सरांच्या शब्दाप्रमाणे झालं. हात तयार झाला, नाव झालं, छावणीजवळच्या मोठ्या हॉस्पिटलात विभाग मिळाला. चेतनाकडून अधूनमधून पेशंट येत, सोबत तिच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी. प्रणिता पेशंट बघायची. चिठ्ठीला उत्तर मात्र कधी लिहायची नाही. पहिल्या ओळीत काय लिहावं हेच तिला सुचायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात चौकातले चिकनकारी कपड्यांचे एक व्यापारी कावीळ होऊन आले. स्वादुपिंडात गाठ होती. दुसरीकडे कॅन्सर सांगून ऑपरेशनची तारीखही दिली होती. मुलगा रडकुंडीला आला होता. प्रणितानेही स्कॅन बघितला आणि तिला कॅन्सरच वाटला. मग तिने चेतनाची चिठ्ठी वाचली.

"स्वादुपिंड सगळंच सुजलंय, फक्त गाठ नाही. गालाखालच्या ग्रंथीही मोठ्या आहेत, वर्षभर आहेत असं बायको सांगते. ऑटोइम्यून असेल का? कापण्याआधी रक्तातलं आयजीजी-फोर बघावं आणि बायॉप्सी करावी, ही विनंती."

गालाखाली हात लावून बघायचं प्रणिताच्या मनातही आलं नव्हतं. रक्त तपासलं, बायॉप्सी केली. कॅन्सर नव्हता. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडावर उलटली होती. स्टिरॉइड सुरू केल्यावर सहा आठवड्यांत सूज ओसरली, डोळ्यांचा पिवळेपणा गेला. ऑपरेशन टळलं.

त्या शनिवारी दुपारी प्रणिता चौकात गेली. गाडी बाहेर लावून गल्लीत चालत शिरली. दवाखान्याच्या बाकावर दहा-बारा माणसं होती. चेतनाने तिला आत घेतलं, स्टूल दिलं.

"तुझा पेशंट बरा आहे. तू बरोबर होतीस."

"कळलं. मिठाई देऊन गेले."

प्रणिता एका दमात म्हणाली, "चेतना, तेव्हा सिस्टीमचा घोळ नव्हता. मीच यादी बदलली."

"माहीत आहे. यादी आपोआप कशी बदलेल? घोळ म्हणालीस त्याच दिवशी मला कळलं होतं."

"इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"काय बोलू? रँक तुझीच होती. जागेचा मला राग नाही गं, खरंच." चेतनाने टेबलावरचा स्टेथोस्कोप उचलून पुन्हा ठेवला. "कानपूरला हेपॅटॉलॉजीची, लिव्हरची जागा होती, आठवतं? माझ्या रँकला मिळाली असती. बाबांना घेऊन गेले असते तिथे. दोन तासांवर तर आहे, इथलं घरही मोडावं लागलं नसतं. मी ती यादीत घातलीच नाही. लखनऊ मिळणारच होतं ना, तू म्हणाली होतीस. खाली उगाच दोन नावं भरली. पाचच्या आत तू एक फोन केला असतास तर..."



प्रणिताला हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की आपण फक्त एक जागा घेतली. तिने माफी मागितली. चेतनाने मान डोलावली, पण 'असू दे' म्हटलं नाही.

"अजूनही परीक्षा देता येईल," प्रणिता म्हणाली. "किंवा आमच्याकडे ये, आठवड्यातून दोन दिवस, केसेस मिळून बघू—"

"बेचाळिसाव्या वर्षी मी रेसिडेन्सी करू? नको. ही माणसं माझी वाट बघतात." तिने दाराकडे पाहिलं. "मी पाठवलेल्या पेशंटचं पुढे काय झालं तेवढं कळवत जा. कधीच कळवत नाहीस. मला शिकायचं असतं."

मग तिने बाहेर हाक मारली, "हाँ, अगला कौन है?" एक म्हातारी आत आली. प्रणिताने उठून तिला स्टूल दिलं आणि बाहेर पडली.

आता प्रणिता प्रत्येक चिठ्ठीला उत्तर लिहिते, स्वतःच्या हाताने, पान-दोन पानं. चेतनाच्या चिठ्ठ्या पूर्वीसारख्याच येतात, कामापुरत्या. घरी जेवायला ये, असं प्रणिताने दोनदा लिहिलं. त्यावर उत्तर आलं नाही.