वालाच्या मुळावरची लाल गाठ

मी एक जुना जिवाणू आहे. डोळ्यांना न दिसणारा, म्हणून कोणाच्या आभाराचाही धनी न झालेला. रामघाटाच्या गल्लीत निमिषच्या घराच्या गच्चीवर एक दगडी कुंडी आहे. तिच्या तळाच्या फटीत अडकलेल्या चिमूटभर मातीत मी राहतो. आम्ही एकाचे दोन होत जगतो, त्यामुळे या कुंडीत पूर्वी घडलेलेही मला माझेच वाटते.

मित्रांनो, या कुंडीत दर हिवाळ्यात कडवे वाल पिकत. निमिषच्या आईने, प्रेमलाबाईंनी, लग्न होऊन बनारसला येताना ते बी माहेरून, अलिबागहून आणले होते. वालाचे मूळ मातीत उतरले की आम्हाला हाक मारी. हाक म्हणजे आवाज नव्हे, पाण्यात विरघळलेला एक वास. आम्ही केसासारख्या बारीक मुळांतून आत शिरायचो आणि मूळ आमच्याभोवती गाठ बांधायचे. तेच आमचे घर. हवेत नायट्रोजन भरपूर असतो, पण झाडाला तो घेता येत नाही. आम्ही तो पकडून झाडाला पचेल असा करायचो. वाल आम्हाला साखर द्यायचा. काम जोरात चालले की गाठ आतून लाल व्हायची.

पाने हिरवीगार, शेंगा टपोऱ्या. शेजारच्या बायका तोंडभर कौतुक करत, आणि प्रेमलाबाई हात जोडून म्हणत, "सगळी गंगामैयाची कृपा. पुरानंतरची माती टाकते ना मी!" राबायचे आम्ही आणि हार गंगेला. असो.

यंदा निमिषची बायको मुक्ता गरोदर होती. तिला डोहाळे लागले ते नेमके वालाच्या बिरड्याचे. बाजारात सेमच्या, म्हणजे इकडच्या घेवड्याच्या, शेंगांचे ढीग, पण कडवे वाल बनारसात कुठले मिळायला? प्रेमलाबाईंनी डबीतले अर्धे बी पेरले. रोपे फुलावर आली. आम्ही जीव तोडून राबत होतो.

एका सकाळी खुरपीने माती सैल करताना एक मूळ तुटले. बाईंनी त्यावरची गाठ नखाने फोडली आणि बोट लाल झाले.

"अगं बाई, रक्त!" त्या किंचाळल्या. "घरात बाळ यायचंय आणि हा अपशकुन!"

निमिषने वाकून पाहिले. "इन्फेक्शन दिसतंय, आई. सगळं उखडून टाक, मिट्टी पण."

"आई, फुलं आलीत हो," मुक्ता म्हणाली. "शेंगा तरी लागू द्या ना."

"नको गं. तुझ्यापेक्षा का वाल मोठे आहेत?"

त्याच दुपारी रोपे, गाठी, माती, सारे टोपलीतून घाटाच्या पायऱ्या उतरले आणि गंगेत गेले. फटीतला मी तेवढा उरलो.

निमिषने प्लास्टिकची नवी कुंडी आणली, आणि पिशवीतली भाजलेली माती. "एकदम साफ आहे, एक भी कीटाणू नाही," तो खुशीत म्हणाला. तेच तर! उरलेले बी तिच्यात पेरले. उगवले, चार पाने फुटली आणि पिवळी पडली. मुळे हाका मारत असणार. मी वीतभर अंतरावर, कोरड्या दगडात. पाण्याशिवाय जाणार कसा? इतका राग मला कधी आला नव्हता. मग निमिषने युरिया आणून मूठभर टाकला. जे आम्ही रोज मापाने देत होतो, ते एकदम. रोपे जळली.

डोहाळजेवणाला बाजारच्या सेमची भाजी झाली. मुक्ताने त्यातले दोनच घास खाल्ले.

मित्रांनो, कधी तुम्ही शेंगेचे रोप उपटाल आणि मुळावर गाठी दिसतील. लगेच रोग म्हणू नका. एक फोडून बघा. आत लाल असेल, तर तिथे कोणीतरी राबते आहे. ते मूळ पुन्हा मातीतच जाऊ द्या. मला मात्र आता कोणी हाक मारणार नाही, कारण बियांची डबी रिकामी आहे.

काल प्रेमलाबाई नातीला मांडीवर घेऊन याच कुंडीला टेकून उन्हात बसल्या होत्या. तिचे गाल कुरवाळत म्हणाल्या, "तुझ्यासाठी सगळी पीडा गंगेत सोडली हो मी."