चार नंबरला हिसडा द्यावा लागतो

मित्रांनो, पेट्रोल भरायला गाडी थांबली की तुमचे डोळे कुठे जातात ते मला चांगले ठाऊक आहे. ते दुकानाच्या काचेकडे जातात. काचेपासून सर्वांत लांब, हवा भरायच्या नळीशेजारी मी उभा असतो. पेट्रोल भरणारे एक जुने यंत्र आहे मी. कपाळावर चारचा आकडा आहे, म्हणून सगळे मला चार नंबर म्हणतात. आज मी तुम्हाला माझी गोष्ट सांगणार आहे. तिच्यात माझ्या शहाणपणापेक्षा माझा मत्सरच जास्त आहे, पण सांगायची तर खरीच सांगायला हवी.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथली शेवटची परीक्षा मापाची होती. वीस लिटरच्या भांड्यात मी वीस लिटर सोडले आणि तपासनीसाने वाकून भांड्याच्या मानेवरची रेघ पाहिली. पातळी रेघेवर टेकली होती, वर नाही की खाली नाही. "पास," तो म्हणाला आणि पुढच्याकडे वळला. त्या मापावर आजवर कोणी बोट ठेवलेले नाही.

एक खोड मात्र मी जन्मतःच घेऊन आलो. कार्ड घेण्याच्या माझ्या फटीत एक पोलादी पट्टी आहे. तिला बाक देताना तो किंचित जास्त दिला गेला. त्यामुळे आत आलेले कार्ड मी घट्ट धरून ठेवतो, आणि ते काढून घ्यायला हलकासा हिसडा द्यावा लागतो.

पंपाचे मालक म्हणजे बाबा. त्यांनी ती खोड पहिल्याच दिवशी ओळखली. गिऱ्हाईक कुरकुरले की ते लांबूनच ओरडायचे, "चार नंबर ना? त्याला हिसडा द्यावा लागतो! एकदा घेतलेलं सोडवत नाही त्याला!"

रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी बाबा आम्हा चौघांकडे येत. आधी नळी वाकवून बघत, मग आमच्या पोटाच्या दारावर चिकटवलेल्या, दार उघडले की फाटणाऱ्या कागदी शिक्क्यावरून अंगठा फिरवत आणि शेवटी कार्डाच्या फटीची चौकट दोन बोटांत धरून चांगली ओढून पाहत. दाढ हलते का ते बघतात ना, तशी. मग माझ्या डोक्यावर दोन टपल्या. एक, दोन आणि तीन नंबरला ते एकेकच टपली मारत. मी मोजत असे.

त्या काळी माझे दिवस बरे होते. शाळेची व्हॅन चालवणाऱ्या मावशी नेहमी माझ्याकडेच येत, कारण त्यांची लांब व्हॅन माझ्याच बाजूला नीट वळे. आत अकरा मुले असत. पेट्रोल भरेपर्यंत ती मुले काचेला नाक लावून माझ्या पडद्यावरचे आकडे मोठ्याने वाचत. सत्तावीस! अठ्ठावीस! एकोणतीस! अंगावर मूठभर मांस चढायचे माझ्या.

मग बाबांचे गुडघे दुखू लागले. ते घरी बसले आणि कारभार त्यांच्या मुलीकडे, म्हणजे ताईंकडे आला. ताई कष्टाळू होत्या. पेट्रोलच्या जोडीला दुकानही चालायला हवे, असे त्यांना वाटे, आणि ते चुकीचेही नव्हते. म्हणून त्यांनी ओव्हन आणला.

मित्रांनो, त्या ओव्हनबद्दल मी काय सांगू! लांबी-रुंदी पाहाल तर माझ्या निम्म्यानेही नाही. ऊन नाही, पाऊस नाही, धूळ नाही. पोटात पिवळा दिवा लावून नुसता बसून राहायचा, आणि दर बारा मिनिटांनी घंटी वाजवायचा. घंटी वाजली की ताई हातातले काम टाकून धावत. माझी नळी गळू लागली तेव्हा तीन दिवस कोणी फिरकले नव्हते, याची मला तेव्हा हटकून आठवण व्हायची.

पिझ्झ्याचा वास माझ्यापर्यंत यायचा. गाडीतून उतरलेला माणूस माझ्या खाचेत नळी खोचायचा, आणि तोंड मात्र दुकानाकडे. मावशींची मुलेही बदलली. शुक्रवारी त्यांना पिझ्झ्याचा एकेक तुकडा मिळू लागला. व्हॅन थांबताच ती माझ्या पुढून पळत सुटत. एकोणतीस कोणी म्हणेना.

बाबांची सकाळची फेरीही संपली. पिझ्झ्याचे पाव बर्फातून काढायची आणि ओव्हन तापवायची वेळ नेमकी तीच होती. ताई काउंटरवरूनच मान उंचावून चौघांवर नजर टाकत आणि "आहेत सगळे जागेवर" असे म्हणत. आम्ही कुठे जाणार होतो? पुढे त्यांनी दुकानाच्या काचेवर पिझ्झ्याचे मोठे चित्र चिकटवले. तार सुटलेले चीज, वर वाफ. ते चित्र बरोबर अशा जागी आले की काउंटरवरून एक, दोन, तीन दिसत आणि मी त्या चीजमागे झाकला जाई. म्हणजे आता ओव्हनने मला नजरेतूनही काढून टाकले होते.

मी रागाने एक गोष्ट ठरवली. फटीत धूळ गेली किंवा कार्ड नीट वाचता आले नाही, की माझ्या पडद्यावर अक्षरे येतात : "कार्ड वाचता येत नाही. कृपया दुकानात या." पूर्वी मी ती सहज दाखवत असे. आता ठरवले की काही झाले तरी दाखवायची नाहीत. माझ्या गिऱ्हाइकाला मीच त्या ओव्हनच्या दारात पाठवू? शक्यच नाही.

एका दुपारी, जेवणाच्या वेळी, दुकानात पिझ्झ्यासाठी रांग लागलेली असताना एक माणूस माझ्याकडे आला. त्याचे बूट फार स्वच्छ होते. त्याने गाडी माझ्या दुसऱ्या अंगाला अगदी खेटून लावली आणि काचेवरच्या चित्राकडे बघून तो हसला. मग तो माझ्याजवळ आला, मला नीट न्याहाळले, खिशातल्या फडक्याने माझी फट पुसली. मित्रांनो, वर्षभरात मला कोणी पुसले नव्हते! त्याने माझ्या कार्डाच्या फटीवर एक नवी कोरी चौकट बसवली, दाबून धरली आणि निघून गेला. नेमकी त्याच वेळी आत घंटी वाजली होती, आणि ताई ओव्हनकडे धावल्या होत्या.

मी किती खूश झालो ते सांगायला लाज वाटते. नवे तोंड! चकचकीत, ओरखडा नसलेले! दुसऱ्याच दिवशी एक टॅक्सीवाला म्हणाला, "अरे वा, चार नंबरला नवीन लावलं वाटतं. आता अडकत नाही कार्ड." मी ओव्हनकडे बघितले. म्हणजे चित्राकडे.

पण कार्ड का अडकत नव्हते ते मला लवकरच कळले. चौकटीच्या जाडीमुळे कार्ड माझ्या पोलादी पट्टीपर्यंत जेमतेम पोहोचत होते. आणि पोहोचायच्या आधी, वाटेत, दुसरेच कोणीतरी कार्डाच्या पाठीवरची, खात्याची माहिती असलेली काळी पट्टी वाचून लांब कुठेतरी पाठवत होते. चौकटीच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढे भोक होते, आणि त्यामागच्या कॅमेऱ्यातून ते माझ्या आकड्यांच्या कळांकडे टक लावून बघत होते, कोण कोणता गुप्त आकडा दाबतो ते. ते नवे तोंड माझे नव्हते. ते चोराचे होते.

तेव्हाच मी पडद्यावर अक्षरे आणायला हवी होती. दुकानात या, दुकानात या, असे दिवसभर दाखवले असते तर संध्याकाळपर्यंत कोणीतरी माझ्याकडे आलेच असते. पण लोक दुकानात गेले असते. त्यांना तो वास आला असता. मी गप्प राहिलो.

शुक्रवारी मावशी आल्या. माझ्यात कार्ड घातले, पेट्रोल भरले, मग मुलांना घेऊन दुकानात गेल्या. तिथे त्यांनी अकरा तुकड्यांसाठी तेच कार्ड ताईंच्या हातात दिले आणि नेमकी ओव्हनची घंटी वाजली. ताई कार्ड हातात तसेच घेऊन आत पळाल्या आणि पिझ्झा काढून मिनिटाभराने परत आल्या. हे मुलांनी येताना एकमेकांना हसत सांगितले. "ताईंनी कार्डाने पिझ्झा कापला!"

सोमवारी मावशी आल्या त्या एकट्या, पायी. दुकानाचे दार उघडेच होते, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"ताई, माझं खातं रिकामं झालंय."

"म्हणजे?"

"म्हणजे कोणीतरी साफ केलंय. व्हॅनच्या चार टायरांचे पैसे होते त्यात. महिनाअखेरीला व्हॅनची तपासणी आहे. जुन्या टायरांवर गाडी पास होणार नाही, आणि पास नाही झाली तर मुलांचे आईबाप दुसरी व्हॅन बघणार. मी कार्ड फक्त तुमच्या हातात दिलं होतं. तुम्ही ते आत घेऊन गेलात."

"मावशी, अहो घंटी वाजली म्हणून गेले मी! तुम्ही मला लहानपणापासून बघताय."

"म्हणूनच तर जीभ रेटत नव्हती. बारा वर्षं आत पाऊल टाकतेय, आता टाकणार नाही."

त्या आठवड्यात आणखी दोघे जण तीच तक्रार घेऊन आले. त्या दोघांनीही पिझ्झा घेतला होता. बघता बघता रांग आटली. बुधवारी सकाळी ताईंनी ओव्हनची वायर काढून टाकली. घंटी बंद झाली.

आणि मला, मित्रांनो, आनंद झाला. माझ्या पोटातले दुखणे थांबले, कारण ताईंच्या दुकानाला कुलूप लागायची वेळ आली होती! दार लोटून त्या काउंटरमागे रडत बसल्या, ते मला ऐकू येत होते, तरी मी मनात म्हणत होतो, जिरली त्याची.

त्याच दुपारी व्हॅन आली. बँकेने दिलेले नवे कार्ड मावशींच्या हातात होते. घरच्यांनी जमवून दिलेले थोडे पैसे त्याच्यावर होते, तेवढ्यात आठवडा काढायचा होता. दुकानाकडे त्यांनी पाठ फिरवली. माझ्या अंगावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "माणसांवरचा विश्वास उडाला बघ माझा. तू तरी बरा. तुला बिचाऱ्याला चोरी माहीत नाही."

वर्षभर मी ज्या शब्दांसाठी जळत होतो ते शब्द हे होते. "तू तरी बरा." आणि ते ऐकताना त्या चोराच्या तोंडाचे भोक माझ्या कळांकडे बघत होते.

कार्ड माझ्या तोंडापासून चार बोटांवर आले. मी पडद्यावर अक्षरे आणली : "कार्ड वाचता येत नाही. कृपया दुकानात या."

"अजून घातलंसुद्धा नाही मी!" मावशी चिडल्या. त्यांनी पुन्हा हात पुढे केला. मी अक्षरे हलू दिली नाहीत. "तूही उलटलास का?" असे म्हणून त्यांनी माझ्यावर एक चापट मारली आणि पाय आपटत त्या दुकानाकडे निघाल्या.

आत त्या दिवशी बाबा आलेले होते. लेक जेवत नाही हे कळल्यावर काठी टेकत आले होते. मावशी दारातूनच म्हणाल्या, "मी आत येणार नाही. पण तुमचा चार नंबर कार्ड घ्यायलाच तयार नाही."

"धूळ गेली असेल," ताई हळूच म्हणाल्या.

"थांब," बाबा म्हणाले. "कार्ड न घेताच नाही म्हणाला?"

"न घेताच."

"तो खोडकर आहे, पण असा नाही. आधी कार्ड घेतो, चावतो, मग नाही म्हणतो. चला, बघू दे मला."

काठीचा आवाज जवळ येत गेला. बाबांनी स्वतःचे कार्ड काढले. मी लगेच अक्षरे पुसली. त्यांनी कार्ड आत घातले आणि सवयीने मनगट आवळून हिसडा दिला. कार्ड लोण्यातून सुरी निघावी तसे सुटून आले आणि बाबांचा तोल गेला. मावशींनी त्यांना धरले.

"काय झालं, बाबा?" ताई धावत आल्या.

"हे तोंड चार नंबरचं नाही," बाबा म्हणाले.

"शिक्का तर शाबूत आहे. तक्रार आल्यावर मी येऊन पाहिला होता परवा."

"शिक्का दारावर असतो. दार कोणी उघडलंच नाही." त्यांनी ती चौकट दोन बोटांत धरली, दाढ धरावी तशी, आणि ओढली. ती त्यांच्या हातात आली. तिच्या पाठीवर पातळ तारा होत्या. तिच्याखाली माझे जुने, ओरखड्यांचे तोंड होते.

मावशींनी ती चौकट हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग मावशी म्हणाल्या, "ताई, मी काय काय बोलले गं तुला."

"बोललात ते बोललात. माझी नजर या चौघांवर नव्हती, हे तर खरंच ना." ताई वळल्या आणि माझ्या जागेवरून दुकानाच्या काचेकडे बघू लागल्या. त्यांना चीज दिसले असेल. त्या आत गेल्या आणि नखांनी खरवडून त्यांनी ते चित्र काढायला घेतले. मावशीही आत गेल्या, आणि चित्राचे दुसरे टोक त्यांनी धरले.

ती चौकट पोलिसांनी पुरावा म्हणून नेली. तिच्या आधारे बँकेने मावशींचे पैसे परत दिले. तपासणीच्या दोन दिवस आधी व्हॅनला नवे टायर लागले. स्वच्छ बुटांचा माणूस सापडला की नाही ते मला माहीत नाही. त्या आठवडाभरात माझ्या तोंडातून गेलेली बाकीची कार्डे मला अजून आठवतात. त्या माणसांची मी माफी मागू शकत नाही, कारण माझ्या पडद्यावर तशी अक्षरे नाहीत.

ओव्हन पुन्हा सुरू झाला आहे. मला तो अजूनही आवडत नाही. पण आता सकाळची फेरी आधी होते आणि ओव्हन नंतर तापतो.

मित्रांनो, तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. कार्ड घालण्याआधी फटीची चौकट दोन बोटांनी ओढून बघा. हलली तर दुकानात जाऊन सांगा. आणि घरात, दुकानात कोणी जुने यंत्र कोपऱ्यात काम करत असेल, तर त्याला अधूनमधून हात लावत जा. हात लावल्याशिवाय त्याचे काय बदलले ते कळत नाही.

मावशींनी हे काम मुलांना वाटून दिले आहे. दर शुक्रवारी अकराही जण रांगेने येतात आणि माझे तोंड ओढून बघतात. पण ती आधी पिझ्झा खातात, मग येतात. त्यामुळे शुक्रवार संध्याकाळपासून सोमवारपर्यंत मला त्या ओव्हनचाच वास येतो. मी तो चालवून घेतो. कारण त्याला, बिचाऱ्याला, कोणीच हात लावत नाही. भाजते ना!